सिलिकॉन व्हॅक्यूम होज किट: बारीक लाइनींसाठी झकास, ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीला मात्र लावू नका

इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) बदलताना बोल्ट आणि गॅस्केटपेक्षा जास्त वेळ खातात त्या व्हॅक्यूमच्या नळ्या. इंजिनच्या उष्णतेने जुनं रबर कडक झालेलं असतं, निपलवरून (नळी बसते त्या छोट्या तोटीवरून) ओढलं की टोकाला चिरतं, आणि अशी नळी नव्या मॅनिफोल्डला परत लावण्यात काही अर्थ नसतो. म्हणून हे किट घेतलं. 3, 4, 6 आणि 8 मिमी आतल्या व्यासाच्या नळ्या, स्प्रिंगचे क्लॅम्प, प्लास्टिकचे टी (तीन तोंडांचे जोड) आणि नको असलेले पोर्ट बंद करायला रबरी कॅप, एवढं सगळं एका पाकिटात येतं.

आधी चांगलं सांगतो. 3 आणि 4 मिमीची नळी खरंच मस्त आहे, भिंत जाड आहे, बोटाभोवती वळवली तरी चपटी होत नाही आणि निपलवर घट्ट बसते. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा), जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स (ठिणगीची वेळ पुढे करणारा), अशा जिथे नुसता व्हॅक्यूमचा सिग्नल जातो तिथे बिनधास्त वापरा. फक्त बसवायच्या आधी नव्या मॅनिफोल्डच्या प्रत्येक निपलवरून बोट फिरवा, कास्टिंगची धार राहिली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, कारण सिलिकॉन उष्णता भरपूर सहन करतं पण एकदा बारीक चीर पडली की ती पुढे फाटतच जाते. आणि रेग्युलेटरच्या जुन्या नळीत पेट्रोल दिसलं किंवा वास आला तर नवी नळी लावून उपयोग नाही, रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय, तो बदला.

आता तक्रार. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की सगळ्या व्हॅक्यूम लाइनींना चालेल, आणि हे मला अजिबात पटलं नाही. 8 मिमीची नळी हातात वाकवली तरी दबते, आत व्हॅक्यूम असताना गरम झाल्यावर ती आत ओढली जाणारच. कोणी ती ताणून ब्रेक बूस्टरला (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लावली आणि ती मिटली तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळणार नाही, पेडल दगडासारखं कडक होईल आणि गाडी थांबवायला पायात सगळा जोर आणावा लागेल. तिथे बूस्टरसाठीच बनवलेली, आत धाग्याची वीण असलेली नळी हवी, चेक व्हॉल्व्हही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) योग्य दिशेनेच बसला पाहिजे, हवा बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे जाईल, उलट नाही. तपासणं सोपं आहे: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग पाय तसाच ठेवून स्टार्ट करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

पीसीव्ही (इंजिनच्या आतली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये नेणारी लाइन) आणि पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडून येणारी पर्ज लाइन, इथेही साधं सिलिकॉन नको. तेलाच्या आणि पेट्रोलच्या वाफेने ते फुगतं, मऊ पडतं, शिवाय वाफ त्यातून झिरपत बाहेर येते. या दोन लाइनींना तेल आणि पेट्रोल सहन करणारी नळीच घ्या. ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसणं मला सगळ्यात जास्त खटकलं.

टी ठीकठाक. कॅप मात्र पातळ आहेत, गरम मॅनिफोल्डवर टिकतील असं वाटत नाही, मी वेगळ्या जाड घेतल्या.

कुठली नळी कुठे, हे किट सांगत नाही, म्हणून जुना मॅनिफोल्ड काढायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नाव लिहा, कारण नव्या मॅनिफोल्डवर पोर्ट बहुतेक वेळा वेगळ्या जागी असतात. मॅप सेन्सर आणि बूस्टर प्लेनमवरून (मॅनिफोल्डच्या सामाईक पोकळीवरून) घ्या, एका सिलिंडरच्या रनरवरून (त्या एकाच सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीवरून) नको, तिथे दाब सारखा वरखाली होतो आणि बूस्टरची हवा एकाच सिलिंडरला जाऊन तो लीन होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटलच्या पाकळीच्या वरचा पोर्ट आयडलला जवळजवळ शून्य व्हॅक्यूम देतो, त्यावर सारखा व्हॅक्यूम लागणारं काही जोडू नका.

सगळं बसवल्यावर गेज लावला, गरम इंजिनवर आयडलला पाऱ्याच्या 19 इंचाच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) आसपास काटा स्थिर, फुसफुस नाही, आरपीएम हलत नाही. सुस्थितीतल्या साध्या पेट्रोल इंजिनाला साधारण 17 ते 21 इंच मिळतात. तुमच्याकडे स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा) बघा, आयडलला खूप प्लस आणि 2500 आरपीएमला नॉर्मलकडे येत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय. लीक शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागू शकते, स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

बारीक नळ्यांसाठी मी हे किट परत घेईन. बनवणाऱ्यांनी प्रत्येक नळीच्या भिंतीची जाडी आणि ती कुठे लावायची नाही एवढं जरी पाकिटावर छापलं तरी मी पाचपैकी साडेचार देईन, सध्या साडेतीन.