‘ऑटो’ म्हणून गळ्यात मारलेलं जुनं सीपॅप मशीन

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारासाठी) दुसऱ्या कोणी वापरलेलं सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा सतत दाब देणारं मशीन घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कोणाकडे होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे. विक्रेत्याचं नाव देत नाही. ओळखायला हवी ती त्याची युक्ती, कारण ती दुसऱ्याच नावानेही समोर येऊ शकते.

माझ्या मोठ्या भावाला तीव्र स्लीप ॲप्निया आहे. झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या पुढे गेला की आजार तीव्र समजतात. दादाचा स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या चाचणीत, 40 च्या वर होता. दिवसा बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. गाडी चालवणं त्याने स्वतःहून सोडलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलं होतं: ऑटो सीपॅप, प्रेशर 6 ते 14, ह्युमिडिफायरसह (हवा दमट करणाऱ्या भागासह). नवं मशीन परवडत नव्हतं, म्हणून वापरलेलं शोधलं. वापरलेलं घेण्यात गैर काही नाही, हे मी आजही म्हणेन.

विक्रेत्याने मशीन दाखवलं ते अगदी स्वच्छ, नव्या पिशवीत, नव्या नळीसकट. वर ठळक ‘ऑटो’ लिहिलेलं. काही महिनेच वापरलंय, पूर्ण सर्व्हिस करून ओझोन वायूने निर्जंतुक केलंय, असं त्याने सांगितलं. मी जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये फरक काय, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, फरक कसला? हवाच तर द्यायची असते. जुनं काय, नवं काय, काम एकच.”

या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला, कारण ते अर्धं खरं आहे. कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात स्लीप ॲप्नियासाठीचं पहिलं सीपॅप बनवलं आणि 1981 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला. तेव्हापासून आजपर्यंत मूळ तत्त्व तेच आहे. मास्कमधून हवेचा सतत दाब द्यायचा, म्हणजे झोपेत सैल पडलेला घसा मिटत नाही. एकाच प्रेशरवर चालणारं साधं मशीन, प्रेशर बरोबर लावलेलं असेल तर, आजही चांगला उपचार देतं. पण ते बरोबर प्रेशर आधी कोणीतरी शोधून द्यावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रात्रभर चाचणी करतात. दादाची ती झालेली नव्हती. म्हणूनच डॉक्टरांनी ऑटो सांगितलं होतं: घसा मिटू लागला की मशीनने स्वतः दाब वाढवायचा, गरज संपली की उतरवायचा.

पहिल्या काही आठवड्यांत घोरणं खूप कमी झालं. वहिनीला रात्रीची झोप मिळू लागली. सगळ्यांना वाटलं, उपचार लागू पडला. पण दादाच्या दिवसाच्या डुलक्या काही थांबेनात. सकाळी डोकं जड असायचं. फोन केला की विक्रेता वहिनीला म्हणायचा, “वहिनी, सवय व्हायला वेळ लागतो, मशीन बंद करू नका.” सवयीला वेळ लागतो हे खरंच आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्यावर शंका घ्यायला जागाच राहत नसे. वेळ मारून न्यायला त्याला तेवढं पुरत होतं. सकाळी स्क्रीनवर रात्री किती तास वापरलं एवढंच दिसायचं. तास भरपूर होते. त्या तासांत श्वास किती वेळा थांबला, ते कुठेच नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मशीनचं एसडी कार्ड मागितलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. कार्डावर वापराचे तास होते, बाकी काही नाही. एएचआय नाही, मास्कमधून हवा किती गळते ते नाही, प्रेशरचा आलेख नाही. स्लीप लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी मशीनच मागवून घेतलं आणि डॉक्टरांसाठी असलेला सेटिंगचा मेनू उघडला. त्यात ऑटो हा पर्यायच नव्हता. मशीन एकाच प्रेशरचं होतं आणि ते 8 वर लावून ठेवलं होतं. एकाच मालिकेतली साधी आणि ऑटो मॉडेल बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो नावावरून आणि मॉडेल क्रमांकावरून. इथे नाव बदललेलं होतं. खालचं लेबल जरा उचकटलं तर त्याखाली दुसरं लेबल निघालं, आणि त्यावरचं उत्पादनाचं वर्ष आम्हाला सांगितलेल्या वर्षाच्या बरंच आधीचं.

मग त्यांनी मोटरचे तास दाखवले. ही गोष्ट प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावी. मशीनमध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात: रुग्णाने किती तास वापरलं आणि मोटर एकूण किती तास फिरली. रुग्णाची नोंद मेनूतून पुसता येते, कारण मशीन दुसऱ्या रुग्णाला देताना ती पुसावीच लागते. मोटरचे तास त्याने पुसले जात नाहीत. रुग्णाची नोंद आमच्यापासूनच सुरू होत होती. मोटर मात्र 11,000 तासांच्या वर गेली होती. रात्रीचे 7 तास धरले, तरी ती कोणाच्या तरी उशाशी चार वर्षांहून जास्त चाललेली होती. काही मशीन 20,000 तासांच्या आसपास मोटरचं आयुष्य संपल्याची सूचना देतात. म्हणजे ‘काही महिने वापरलेलं’ मशीन अर्धं आयुष्य संपवून आमच्याकडे आलं होतं.

लॅबने दादाला थोड्या दिवसांसाठी खरं ऑटो मशीन दिलं. त्याच्या नोंदीत दिसलं की रात्रीचा बराच वेळ त्याला 11-12 प्रेशर लागतं, पाठीवर झोपला की त्याहून जास्त. 8 वर घोरणं दबलं होतं, पण घसा मिटत होता आणि रक्तातला ऑक्सिजन उतरत होता. घोरण्याचा आवाज ही आमच्या घरातली एकमेव धोक्याची खूण होती. ती गेली, आजार राहिला. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. मशीन अजिबात चाललं नसतं, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी परत केलं असतं.

जुन्या आणि नव्या मशीनमधला फरक मला इथे नीट कळला. श्वास सोडताना दाब थोडा कमी करणं, तापणारी नळी, कमी आवाज या सोयीच्या गोष्टी आहेत, आणि त्या हव्यातच. नाक कोरडं पडलं की माणूस मास्क काढून फेकतो. पण मोठा फरक आहे तो मशीन काय ओळखतं आणि काय सांगतं यात. घसा मिटल्यामुळे श्वास थांबला की मेंदूकडून इशाराच न आल्यामुळे, हे नंतरच्या पिढीतली अनेक मशीन वेगळं ओळखू शकतात. दुसऱ्या प्रकारात दाब वाढवून उपयोग होत नाही, कधी त्रास वाढतो. मशीन जुनं असूनही एएचआय, गळती आणि प्रेशर नोंदवत असेल, तर मी ते डोळे झाकून नव्या पण मुक्या मशीनपेक्षा वरचं मानेन. मोबाईल नेटवर्कवरून डॉक्टरांकडे माहिती पाठवणारं जुनं मशीन घेताना एक बघा: अनेक देशांत 3जी बंद झालंय, त्यामुळे फक्त 3जीवर चालणारा मोडेम असेल तर तिथे तो निरुपयोगी आहे. कार्ड तरी चालायला हवं.

‘ओझोनने निर्जंतुक’ हे ऐकलं तर सावध व्हा. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्येच सांगितलं होतं की सीपॅप स्वच्छ करायला विकल्या जाणाऱ्या ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या उपकरणांना तेव्हा त्यांची मान्यता नव्हती. 2021 च्या जूनमध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलिस्टर-पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता, आणि ओझोनमुळे ती झीज वाढू शकते असंही सांगितलं गेलं. आमचं मशीन त्यातलं नव्हतं. पण परत मागवलेलं मशीनही नवी नळी लावून कोणी विकू शकतं, म्हणून सिरीयल नंबर कंपनीकडे तपासून घ्याच. तुम्ही वापरत असलेलं मशीन परत मागवलेल्यांच्या यादीत निघालं, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपचार अचानक थांबवू नका.

विक्रेत्याने आधी कानांवर हात ठेवले, मग दोष लेबल लावणाऱ्यावर ढकलला, मग म्हणाला की मशीन तर चालू आहे. आम्ही टेक्निशियन ताईंचा लेखी अहवाल, दोन्ही लेबलांचे आणि मोटरच्या तासांचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे त्याने पैशांचा काही भाग परत केला आणि मशीन घेऊन गेला. उरलेल्या पैशांसाठी तक्रार चालू आहे. मूळ सिरीयल नंबर आम्ही उत्पादक कंपनीलाही लेखी कळवला आहे.

ते मशीन पुन्हा विकायला निघेल, याची मला खात्री वाटते. पैसे मोजण्याआधी मशीन तुमच्यासमोर चालू करायला सांगा. मोटरचे तास, मॉडेल क्रमांक आणि मोड स्क्रीनवर बघा, फोटो काढा, आणि तेच आकडे बिलावर लिहून मागा. खालच्या लेबलच्या कडेवरून नख फिरवा. आमच्या मशीनवर लेबल जाड लागत होतं, आणि स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक आडवा चरा होता.