टेबलाची फळी: प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ की सागवान?

प्लायच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" त्याआधी स्वतःला एक विचारा: हे अभ्यासाचं टेबल किती वेळा खोलून पुन्हा जोडावं लागणार आहे? घर भाड्याचं असेल तर निम्मा निर्णय इथेच होतो.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, इथेच मार खातो. पृष्ठभाग गुळगुळीत, रंग त्याच्यावर सुरेख बसतो, पण कडेला मारलेला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा नीट धरत नाही. कडेतून पाणी शिरलं तर फुगलेली कड परत बसतही नाही, आणि टेबलावर चहा सांडतोच. वजनही जास्त: आठ बाय चार फुटांचं 18 मिमी शीट साधारण 40 किलो, तेवढंच प्लाय 32 ते 35. लाकडाचा भुगा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड त्याहून कच्चा. तो वर लॅमिनेट (सनमायकासारखा पातळ थर) लावलेलाही मिळतो, म्हणून मोह होतो एवढंच.

खरी लढत प्लाय आणि ब्लॉकबोर्डची. प्लायमध्ये पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे कसंही कापलं तरी चालतं. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या असतात. तो हलका असतो आणि लांबीत कमी वाकतो. टेबल चार फुटांचं असेल तर 18 मिमी प्लाय पुरे. पाच-सहा फुटांचं हवं असेल तर मी ब्लॉकबोर्ड घेईन. फक्त पट्ट्या टेबलाच्या लांबीतच धावल्या पाहिजेत. शीटमध्ये त्या सहसा आठ फुटांच्या बाजूने असतात. माझ्या पहिल्या टेबलाला कापणाऱ्याने फळी आडवी काढली, मीही बघत उभा होतो, आणि काही महिन्यांत मॉनिटरखाली झोळ आला.

प्लायवरचा शिक्का वाचा. आयएस 303 या भारतीय मानकात एमआर (ओलसरपणा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं) असे दोन प्रकार येतात. कोरड्या खोलीत एमआर चालतं. कोकणात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीशी बीडब्ल्यूआर घ्या. आयएस 710 म्हणजे मरीन. ते सिंकखाली शोभतं, अभ्यासाच्या टेबलाला उधळपट्टी. लॅमिनेट मात्र खालूनही लावा, नुसतं वरून लावलं की फळी वाकायला लागते.

सागवान? जमत असेल तर जरूर. चार बाय दोनची एक इंची फळी म्हणजे हिशेबाने पाऊण घनफुटाहूनही कमी, पण रंधा आणि तूट धरून एक घनफूट घ्यावंच लागतं. जुना वाडा पाडताना निघालेलं मिळालं तर उत्तम, ते चांगलं मुरलेलं असतं. खिळे मात्र शोधून काढा, नाहीतर सुतार रंधा घेऊन तुमच्याच मागे लागेल. एवढी रुंद फळी जोडूनच होते आणि पावसाळ्यात रुंदीत फुगते, म्हणून फ्रेमला स्क्रूची भोकं लांबट ठेवा.

पायांना मी लाकूड वापरत नाही. एक इंची एमएस (साध्या पोलादाच्या) स्क्वेअर पाइपची फ्रेम फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, पाय नटबोल्टने जोडा. घर बदलताना नट फिरवायचे दोन पाने (स्पॅनर) आणि अर्धा तास पुरतो.

फळी दुकानातच मापाने कापून घ्या. आठ फुटी शीट लिफ्टमध्ये जात नाही, आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने ती वळवताना भिंतीचा रंगही जातो.