मे महिना लहान मुलांसोबत: गुहागर की कोथरूड?

एप्रिल संपत आला की आमच्या घरी हाच विषय निघतो. राहायला कोथरूड, सासर गुहागर तालुक्यात. थोरला सात वर्षांचा, धाकटी तीन. गावी जायचं की यंदा घरीच थांबायचं? गेल्या पाच वर्षांत सगळं करून झालं. दोनदा अख्खी सुट्टी पुण्यात काढली, दोनदा बारा-बारा दिवस गावी राहिलो आणि एकदा चार दिवसांत जाऊन आलो. ते चार दिवस पुन्हा करणार नाही. एक दिवस प्रवासात, एक दिवस मुलगी कडेवरून उतरेना म्हणून, तिसऱ्या दिवशी ती कुठे अंगणात रुळली आणि चौथ्या दिवशी बॅगा भरल्या. गावी जायचं तर निदान दहा दिवस, नाहीतर घरीच रमावं. माझी तुलना त्या दोन पर्यायांचीच आहे.

आधी उकाड्याचं बोलू. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, गुहागरला तो पस्तिशीच्या आसपासच राहतो, म्हणून गाव थंड असेल असं वाटतं. पण कोकणात घाम वाळत नाही. पुण्यात सूर्य मावळला की तासा-दोन तासांत वारं सुटतं आणि मुलं शांत झोपतात. गावी रात्रीही हवा दमटच, त्यात वळवाच्या वाऱ्याने वीज गेली की पंखाही बंद. धाकटी दीड वर्षाची असताना तिच्या मानेवर, पाठीवर इतकं घामोळं उठलं की तिच्यासोबत मीही रात्रभर जागी. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी सरळ सांगेन, पुण्यातच थांबा.

दुपारचा हिशेब मात्र उलटा आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये बारा ते पाच हे तास फार लांब असतात. पडदे ओढलेले, पंखा चालू, आणि तिसऱ्या चित्रानंतर रंगीत खडूही नको होतात. मग मोबाइल. गावी जेवणं झाली की माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर चटया पडतात. कोणी गुलामचोर मांडतं, कोणी सागरगोटे काढतं, आणि चार चुलत भावंडांत भांडण झालं तरी तेही तासभर पुरतं. मुलांना रमवायला मोठ्या माणसाची गरज लागत नाही, आणि गावाचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. पण तो भावंडं असली तरच. मोठा दीर आणि जाऊबाई आल्या नव्हत्या त्या वर्षी आमचा मुलगा गावीही दुपारभर माझ्या मागे मागेच फिरत होता. तेव्हा तारखा ठरवण्याआधी घरातल्या बाकीच्यांना फोन करा.

समुद्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण पंचांग न बघताच निघतात. आमचे सासरे भरतीचा हिशेब तोंडी करतात, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती अकरा-बाराच्या दरम्यान येते आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर लांबच लांब ओली, घट्ट वाळू मिळते. मुलं तिथे खड्डे खणतात, शंख वेचतात, बिळात पळणाऱ्या खेकड्यांमागे धावतात. अष्टमीच्या सुमारास गेलात तर नेमकं संध्याकाळीच पाणी वर चढलेलं असतं आणि लहान मुलांना मोकळी जागा उरत नाही. दोन वर्षं आम्ही सुट्टीचे दिवस फक्त ऑफिसच्या रजेवरून ठरवले, आता दिनदर्शिका शेजारी ठेवून ठरवतो. मे सरत आला की समुद्र खवळायला लागतो, तेव्हा घोट्यापुढे पाणी नको आणि मुलाचा हात सोडायचा नाही. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पण पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर मार्च-एप्रिलच बरा, मेपर्यंत बहुधा उशीर होतो.

पुण्याकडे समुद्र नाही, पण पहाट आहे. साडेपाच-सहाला वेताळ टेकडीवर गेलं की मोर ओरडताना ऐकू येतात, खाली रस्त्याकडेला बहावा पिवळाधमक फुललेला असतो, आणि आठच्या आत घरी परतता येतं. धाकटीला टेकडीपेक्षा वाटेवरच्या मुंग्यांत जास्त रस असतो. तिला घाई करू नये हे मला उशिरा कळलं. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जायचं तर सकाळी उघडताच जा, बुधवारी ते बंद असतं. संध्याकाळी रसवंतीत अर्धा अर्धा ग्लास रस, बर्फ न घालता.

आणि वाळवण! हे सुख गावचंच असं आम्ही धरून चाललो होतो, पण पुण्यातल्या गच्चीवर ते जास्त चांगलं जमलं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून ठेवायचा. चौथ्या दिवशी पहाटे तो शिजवायचा आणि उन्हं चढायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. गरम चिकाची वाटी मुलांच्या हातात दिली की पुढची कामं ती आपणहून करतात, कबुतरं हाकलणं हे तर त्यांचं हक्काचं काम. उडदाच्या पापडांच्या दिवशी लाट्या तेलात बुडवून इतक्या खाल्ल्या जातात की पापड कमीच भरतात. कोकणात दमट हवेमुळे कुरडया वाळायला वेळ लागतो. तिथलं वाळवण वेगळं, आंबापोळी, फणसपोळी आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. रातांबे फोडून बिया काढायला मुलांना बसवा, पण जुने कपडे घालून, कारण ते डाग निघत नाहीत. सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की काही दिवसांत लालभडक पाक सुटतो. थोरला रोज सकाळी बरणी हलवून बघायचा आणि ‘आजी, झालं का गं?’ विचारायचा.

गावी नव्या आईबापांना कोणी आधी सांगत नाही अशा काही गोष्टी आहेत. कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, मूल ते दाताने फोडायला गेलं तर ओठ सुजतात. देठातून गळणारा आंब्याचा चीकही तसाच. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप भरपूर, तेव्हा पालापाचोळ्यात, दगडांच्या गडग्यात हात घालायचा नाही आणि अंधारात विजेरीशिवाय बाहेर पडायचं नाही. विहिरीला कठडा नसेल तर पहिल्याच दिवशी मुलांना तिथे नेऊन दाखवा आणि कुठवर जायचं ती रेघ ठरवून द्या. शहरात यातली काळजी नाही, तिथे गाड्यांची आणि गच्चीच्या कठड्याची आहे.

खर्चाचं थोडक्यात. घरी राहिलं तर जवळजवळ काही नाही. गावी जायला एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, बारापर्यंत अर्धं, बायकांनाही अर्धं. माथेरानचाही विचार एकदा केला होता. तिथे मोटारी नाहीत ही मोठीच सोय, पण मेमधली गर्दी आणि राहण्याचे दर पाहून सोडून दिला. उन्हाळी शिबिरांबद्दल एवढंच, सहा-सात वर्षांपर्यंत मला त्यांची गरज वाटत नाही.

पण खरा प्रश्न पैशाचा नाही, कामाचा आहे. सासूबाई सत्तरीच्या आहेत. गावी दहा-बारा माणसं जमली की सकाळच्या घावन-चटणीपासून रात्रीच्या पेजेपर्यंत त्या चुलीपुढून उठत नसत, आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेल्यामुळे धुणी-आंघोळीचंही मोजूनच. आमच्या मुलांचा आनंद त्यांच्या पाठीवर उभा आहे हे दिसल्यावर मी एक वर्ष गावी जायलाच नको म्हटलं. त्यांनाच ते आवडलं नाही. ‘वर्षभर घर रिकामं असतं, तुम्ही नाही आलात तर आंबे कोणी खायचे?’ मग आम्ही पाळ्या लावल्या. रात्रीचा स्वयंपाक दोघे भाऊ करतात, धुण्याला गावातली एक बाई येते, तिचे पैसे आम्ही देतो. हे आधी ठरलं नसेल तर गावचा बेत आखू नका, मुलं कितीही हट्ट करोत.

दोन्हीकडे सारखीच मिळणारी एक गंमत सांगते, शून्य सावलीचा दिवस. गुहागरला ९-१० मेच्या सुमारास आणि पुण्यात १३-१४ मेला, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो. स्टीलचा पेला उपडा ठेवला की त्याची सावली नाहीशी होते. पाच मिनिटांचा खेळ, पण थोरल्याने गेल्या वर्षी तो शेजारच्या सगळ्या मुलांना बोलावून दाखवला.

माझ्या मते, मूल दोनाच्या आत असेल तर घरीच थांबा. तीन-चार वर्षांचं असेल तर भावंडं येणार असली तरच गावी जा. पाच ते दहाला मात्र गावच, तेही मेच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण आंबा तेव्हा भरात असतो आणि पावसाचा नेम नाही. २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत पोचला होता.

यंदा थोरला काकांबरोबर आधी जाणार आहे, मी आणि धाकटी नंतर. मधले दिवस आम्ही दोघी पुण्यात कुरडया घालू. मुलाला कुंभार्ली घाट लागतो, म्हणून काकांना आत्ताच सांगून ठेवलंय, पाटणला पोटभर खायला घालू नका, कोयनानगरपासून खिडकीची जागा त्याला द्या आणि खिशात आलेपाकाच्या दोन वड्या असू द्या.