नवऱ्याचे आडनाव सोडावे, बायकोचे धरावे : फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ शोधतानाचा अनुभव

क्वेबेकमधील पूर्वजांचा माग काढण्यासाठी मी गेले काही महिने दोन साधने जोडीने वापरत आहे. एक म्हणजे मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘पीआरडीएच’ या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने जुळवलेली कुटुंबे, आणि दुसरे म्हणजे ‘द्रुएँ संग्रह’ या नावाने ओळखली जाणारी, पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराच्या) नोंदवह्यांची छायाचित्रे. शोध आमच्या सुनेच्या माहेरचा आहे. तिचे घराणे पूर्वी न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला आले आणि तिथे त्याचे आडनाव किंग झाले (फ्रेंच ‘र्‍वा’ म्हणजे राजा). त्याआधी ते र्‍वा होते आणि त्याहीआधी ‘र्‍वा दी देजार्दँ’.

या ‘दी’नेच (म्हणजे ‘ऊर्फ’) नवख्याची पहिली दमछाक होते. मूळ आडनावाला जोडलेले हे दुसरे नाव कधी सैन्यातले टोपणनाव असे, कधी गावावरून किंवा शेतावरून पडलेले असे, आणि पुढच्या पिढीत एक भाऊ पहिले नाव लावी तर दुसरा नुसते दुसरे. १६६५ मध्ये आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीचा सैनिक आंत्वान र्‍वा दी देजार्दँ याच्या वंशजांत आज दोन्ही आडनावे सापडतात. १९०० मध्ये लेव्ही येथे पहिली सहकारी पतपेढी काढणारे आल्फाँस देजार्दँ हेही जन्माने र्‍वा दी देजार्दँच होते.

मात्र ज्या नोंदी पुरुषाच्या आडनावाबाबत असा घोळ घालतात, त्याच स्त्रीच्या आडनावाबाबत कमालीच्या काटेकोर आहेत. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत सून बहुधा ‘अमक्याची कन्या’ एवढ्यावर आटोपते, लेक तर लग्नानंतर दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात जाते. इथे स्त्री बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत माहेरच्या आडनावानेच नोंदलेली असते. विवाहाच्या नोंदीत सहसा वर आणि वधू या दोघांच्याही आईवडिलांची नावे येतात, आईचे तिच्या माहेरच्या आडनावासह, शिवाय बहुधा त्यांची पॅरिशही. त्यामुळे एकेका माणसाऐवजी जोडपे शोधावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. र्‍वा शेकड्यांनी सापडतात, पण ठरावीक माहेरच्या बाईशी लग्न झालेला र्‍वा बहुधा एकच निघतो. आंत्वानची पत्नी मारी माजोर ही १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने इथल्या फ्रेंच वसाहतीत पाठवलेल्या सुमारे ८०० तरुणींपैकी एक होती, आणि तिच्या नावाचा धागा धरला की देजार्दँ व र्‍वा या दोन्ही शाखा एका जागी येतात.

पीआरडीएचची मोठी सोय अशी की एकाच आडनावाची निरनिराळी लेखने तिथे एका प्रमाण रूपाखाली आणलेली आहेत आणि बाप्तिस्मा, विवाह, दफन या सुट्या नोंदी माणसागणिक जोडून दिल्या आहेत. पण ही जोडणी १६२१ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचीच आहे. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांसाठी नोंदवहीच चाळावी लागते. कित्येक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची नामसूची असते, तीत आधी पाहावे. एका सशुल्क संकेतस्थळाच्या सूचीत मला एक दफन मुलीच्या जागी आईच्या नावावर चढवलेले आढळले. छायाचित्रात पाद्रीबुवांनी वय ‘तीन महिने’ असे स्वच्छ लिहिले होते. तेव्हापासून सूचीवर विसंबून मी काहीही उतरवून घेत नाही.

फ्रेंच फारशी येत नसली तरी अडत नाही, कारण नोंदींचा साचा ठरलेला असतो आणि पंधरावीस शब्द ओळखीचे झाले की पान वाचता येते. अक्षर मात्र त्रास देते. दुसरी अडचण नावांची. मुलांच्या नावाआधी बहुधा जोझेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी लावलेले असते, त्यामुळे घरात हाक मारण्याचे नाव शेवटचे असते, हे लक्षात ठेवावे.

अशा संकेतस्थळांचे शुल्क भरण्याची घाई मात्र करू नये. आधी अमेरिकेतले विवाहाचे व मृत्यूचे दाखले आणि तिथल्या फ्रेंच चर्चच्या नोंदी गोळा कराव्यात. पूर्वज क्वेबेकच्या कोणत्या पॅरिशमधून निघाला आणि त्याच्या आईचे माहेर कोणते, या दोन गोष्टी हाती आल्या की मगच वर्गणी घेणे परवडते.