फॉइल सगळ्यात शेवटी: बामणोलीजवळचे सहा रविवार

साताऱ्यात माझं सायकलींचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. लहान पोराला सायकल शिकवायची तर आम्ही आधी दोन्ही पेडल काढतो, सीट खाली घेतो आणि त्याला पायानं ढकलत हलक्या उतारावर सोडतो. तोल आला की पेडल लावायचे. पेडल लावूनच बसवलं तर पोराचं सगळं लक्ष पायाकडं जातं आणि तोल राहतो बाजूला. या एका गोष्टीमुळं मला गेल्या उन्हाळ्यातलं विंग फॉइलिंगचं प्रशिक्षण इतकं पटलं की त्याबद्दल नीट लिहावंसं वाटलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पायाखाली जाडजूड बोर्ड. त्याच्या तळाला पाऊण मीटरचा खांब, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेले पंख, हे फॉइल. हातात हवा भरलेलं शीड, ती विंग. ती बोर्डला बांधलेली नसते, नुसती हातात धरायची. वाऱ्यानं वेग आला की पाण्याखालचे पंख विमानाच्या पंखासारखे वर ढकलतात आणि अख्खा बोर्ड पाणी सोडून वर येतो. खेळ तसा नवाच, अशा विंग बाजारात येऊ लागल्या त्या २०१८-१९च्या सुमाराला.

मी हे पहिल्यांदा शिकायला गेलो ते समुद्रावर, एका नावाजलेल्या ठिकाणी. नाव घेत नाही. पाच दिवसांचे पैसे भरले होते. पहिल्याच दिवशी फॉइल लावलेला बोर्ड हातात दिला आणि म्हणाले, चला, पाण्यात शिकाल. माझं वजन ७८ किलो, बोर्ड दिला ९५ लिटरचा. बोर्ड लिटरवर मोजतात, लिटर जास्त तितकं वजन तो जास्त तरंगवतो. नवख्याला साधारण आपल्या किलोच्या आकड्यात चाळीस मिळवून जेवढे होतील तेवढ्या लिटरचा बोर्ड लागतो, हे मला नंतर कळलं. तो ९५ लिटरचा बोर्ड माझ्या गुडघ्याखाली डगमगायचा, विंग कुठं धरायची ते माहीत नव्हतं, आणि खाली फॉइल. तिसऱ्या दिवशी पडताना नडगी फॉइलच्या कडेवर आपटली. पाच टाके पडले. पाच दिवसांत मी उभा असा एकदाही राहिलो नाही, आणि घरी येताना मनात पक्कं बसलं की आपलं वय झालं. मी एकावन्न वर्षांचा आहे. वय झालेलं नव्हतं, क्रम चुकलेला होता.

मग दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं बामणोलीच्या पोराबद्दल सांगितलं. कोयनेच्या जलाशयावर, शिवसागराच्या काठाला, एक पंचविशीतला मुलगा दर उन्हाळ्यात चार-पाच जणांची तुकडी घेतो. बाहेर राहून शिकून आलेला, मूळचा जावळीतलाच. मी त्याला सर म्हणायचो, तो मला काका. आमच्या तुकडीत चौघं होतो: मी, पुण्याहून येणारे दोघं भाऊ, आणि सांगलीच्या एक ताई, शाळेत शिक्षिका. ताईंना पोहणं उत्तम येतं, पण कृष्णेत मगरी, त्यामुळं तिथं असा खेळ शिकायचं त्यांना धाडस होत नाही. म्हणून त्या पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला येत आणि तिथून माझ्या गाडीतून कासमार्गे बामणोलीला.

पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत बोर्डला हातच लावला नाही. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं तसं काठाला लांबलचक मोकळं रान पडतं. त्या रानात दोन तास नुसती विंग. हवा कशी भरायची इथपासून. सायकलच्या टायरला चाळीस पौंड हवा लागते, विंगला सहा-सात पौंड पुरते, पण पोट मोठं असल्यानं पंप बादलीएवढा लागतो. मग विंग पाठीमागून उचलून डोक्यावर कशी आणायची, पुढचा हात कुठं, मागचा कुठं. मागचा हात ओढला की विंगेत वारा भरतो, सैल सोडला की रिकामी होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे समोरची मूठ एका हातात धरून बाकी सोडून दिलं की ती झेंड्यासारखी फडफडत राहते, ओढतच नाही. सरांनी हे पन्नास वेळा करून घेतलं. "काका, घाबरलात की हेच करायचं. हात आपोआप तिकडं गेला पाहिजे," म्हणाला. ब्रेक आधी, वेग नंतर. मी दुकानात हेच सांगतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पाण्यात नेलं, पण पुढं जायला शिकवायला नाही, परत यायला. वारा पडला किंवा काही तुटलं तर बोर्डवर पालथं पडायचं, विंग उलटी करून तिची मूठ पायात अडकवायची आणि दोन्ही हातांनी वल्हवत काठ गाठायचा. ताईंनी विचारलं, एवढ्या लवकर हे का? तो म्हणाला, "ताई, हे आलं नाही तर तुम्हाला काठापासून वीस हातही लांब सोडणार नाही मी." समुद्रावरच्या पाच दिवसांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा आणि तिसरा रविवार फॉइल नसलेला मोठा बोर्ड. रुंद, हवेचा, खाली बोर्ड आडवा घसरू नये म्हणून मधोमध एक फिन. त्यावर गुडघ्यांवर बसून विंग धरायची, मग उभं राहायचं, वाऱ्याला आडवं जायचं, वळायचं, परत यायचं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी आम्ही चौघंही जात होतो आणि वाऱ्याबरोबर खाली वाहत होतो, मग बोर्ड ओढत काठाकाठानं चालत परत. सरांनी काठावरचं एक जांभळाचं झाड दाखवलं. तिथून निघून तिथंच परत यायचं, सलग तीनदा, तोपर्यंत फॉइलचं नाव काढायचं नाही. मला हे जमायला तिसऱ्या रविवारची दुपार उजाडली. त्यात कळलं की सगळी मेख नजरेत आणि मागच्या टाचेत आहे. नजर वाऱ्याच्या अंगाला वर, टाचेवर हलका भार, की बोर्ड इंच इंच वर चढतो. पायाकडं बघितलं की खाली वाहिलोच. सायकलही जिकडं बघाल तिकडंच जाते.

पुण्याच्या थोरल्या भावाला हा भाग कंटाळवाणा वाटला. त्यानं तिसऱ्या रविवारी फॉइल मागितलं, सर नाही म्हणाले, थोडी बोलाचालीही झाली. मी सरांच्या बाजूनं होतो. वारा कुठून येतोय, आपण कुठं चाललोय, विंग कुठं आहे, हे तीन प्रश्न डोक्यातून अंगात उतरेपर्यंत चौथा प्रश्न पायाखाली लावायचाच नाही.

चौथ्या रविवारी वारा नव्हता. पाण्यावर आरसा. बामणोलीत वासोट्याला जाणाऱ्यांच्या बोटी असतात, तशीच एक छोटी मोटारबोट सरांनी ठरवली होती आणि त्यामागं दोरानं फॉइलचा बोर्ड बांधला. हातात विंग नाही, फक्त दोर. हा दिवस मला सहाही रविवारांत सगळ्यांत मोलाचा वाटतो. बोट ताशी बारा-पंधरा किलोमीटरनं जाते, एवढ्यातच मोठं फॉइल वर यायला बघतं. आणि सरांनी पहिली गोष्ट शिकवली ती वर कसं यायचं ही नव्हे, खाली कसं राहायचं ही. पुढच्या पायावर भार टाकून बोर्ड पाण्यालाच चिकटवून ठेवायचा, अख्खी एक फेरी. मग भार थोडा कमी करायचा, वीतभर वर, लगेच खाली. पुन्हा वीतभर, पुन्हा खाली.

याचं कारण त्यानं पाण्यातच थांबून समजावलं. वेग दुप्पट झाला की फॉइलची उचल दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून नवखा माणूस हळूहळू वर येत नाही, एकदम उसळतो, फॉइल पाण्याबाहेर येतं, तिथं त्याची उचल संपते आणि माणूस आपटतो. समुद्रावर माझं नेमकं हेच होत होतं आणि मी दर वेळी मागं झुकून ते वाढवत होतो. पडायचं कसं हेही इथंच घोटवलं: बोर्डपासून लांब, बाजूला, अंग आडवं टाकून, आणि वर येताना डोक्यावर हात. पायावर उडी मारायची नाही. डोक्याला हेल्मेट आणि अंगात जाड जॅकेट असल्याशिवाय बोटीच्या मागं कुणालाच सोडलं नाही. बोटीत एक माणूस फक्त मागं बघायला होता, आणि आपण पडल्या क्षणी सुटेल असा दोर होता. माझ्या नडगीवरच्या जुन्या खुणेकडं बघून ताई म्हणाल्या, हे आधी शिकवलं असतं तर? मला तेच वाटत होतं.

पाचव्या रविवारी दोन्ही एकत्र. मला १२० लिटरचा बोर्ड आणि सहा चौरस मीटरची विंग. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसू लागला होता, म्हणजे वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर. दिवसभर गुडघ्यांवरून उभं राहणं आणि पाण्याला चिकटून जाणं एवढंच झालं. सहाव्या रविवारी, साडेचारच्या सुमाराला, बोर्डखालचा पाण्याचा चपचप आवाज अचानक बंद झाला. मी वर होतो. पुढच्या पायावर भार गेला तो विचार न करता. जांभळाच्या झाडापासून लाल डब्याच्या तरंगत्या खुणेपर्यंत गेलो, अंदाजे सत्तर-ऐंशी मीटर, आणि वीतभर उंचीवरूनच खाली उतरलो, न पडता. काठावर ताई जोरानं ओरडत होत्या. त्यांचं स्वतःचं फॉइल त्याच्या आधी तासभर उठलं होतं, हेही नोंदवतो.

आता जागेबद्दल. हे डोंगरातलं पाणी आहे. वारा खोऱ्यात वळसे घेत येतो, झुळूक आणि पोकळी आलटूनपालटून. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगर फिरताहेत म्हणून खाली जलाशयात तसाच वारा मिळेल असं मुळीच नाही. आमच्या सहांपैकी एक दिवस पूर्ण बिनवाऱ्याचा गेला आणि दुसऱ्या एका दिवशी चारनंतरच वारा उठला. पाण्याखाली बुडालेल्या शेतांचे बांध, जुनी खोडं आहेत, कुठं कुठं मासेमारीची जाळीही. फॉइलला हे सगळं धोक्याचं. सर दर रविवारी सकाळी बांबूनं खोली मोजायचे आणि डबे बांधून हद्द आखायचे. त्या हद्दीबाहेर जायचं नाही आणि पलीकडच्या काठाला तर नाहीच, तिकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे.

उणिवा सांगायलाच हव्यात. फॉइल एकच, माणसं चार. शेवटच्या दोन रविवारी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला. या टप्प्यावर दोन फॉइल हवीतच, त्यासाठी फी वाढवली तरी मी देईन. कपडे बदलायला बायकांसाठी सोय नाही. ताईंना शेजारच्या घरी विचारून आत जावं लागायचं. घरच्या माउली प्रेमानं आत घ्यायच्या, पण ही सोय प्रशिक्षण देणाऱ्यानं करायची असते. हेल्मेट दोनच मापांची, धाकट्या भावाला ढिलं व्हायचं.

चौथ्या रविवारी मास्टचे बोल्ट हातानं चाचपले तर दोन सैल निघाले. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट कोरडा बसवला की एक तर सुटतो, नाही तर कायमचा धरतो. खाऱ्या पाण्यात तर फारच लवकर. मी सरांना दुकानातलं ग्रीस नेऊन दिलं आणि पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येक बोल्ट किल्लीनं तपासायला सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. पुढच्या रविवारी किल्ली त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेली होती.

जेवण त्या शेजारच्या माउलींच्या घरी. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, ताक. फीमध्ये धरलेलं.

सहा रविवारांचे मी चोवीस हजार भरले, सामान त्यांचंच. साताऱ्याच्या हिशेबानं रक्कम मोठी आहे, पण समुद्रावरच्या पाच दिवसांना मी याहून जास्त मोजले होते. पोहता येत नसेल तर सर घेत नाहीत. पहिल्याच दिवशी काठाला समांतर शंभर मीटर पोहून दाखवावं लागतं, लाइफ जॅकेट घालून का होईना. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण अर्धा वेळ गुडघ्यांवर जातो. गुडघे झाकणारी जाडसर पँट आणि जुने बूट न्या, काठाच्या चिखलात शिंपले आहेत.

बिनवाऱ्याचा दिवस आला तर बोट मिळेल ना, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. मी येत्या फेब्रुवारीला पुन्हा जाणार आहे, वळण शिकायला. सरांनी आत्ताच सांगून ठेवलंय की फॉइलवरचं वळण लगेच नाही. आधी बोर्ड पाण्यावर टेकवून वळायचं, दोन्ही बाजूंनी, जांभळापासून जांभळापर्यंत.