डीडब्ल्यूसिम, सात महिने आणि प्लॅस्टिकचं तेल

रबाळ्याला आमचं छोटं युनिट आहे. कचऱ्यातलं प्लॅस्टिक तापवून तेल काढतो. त्या तेलाची कुठल्या तापमानाला किती वाफ होणार हे कळल्याशिवाय कंडेन्सरचं (वाफ थंड करून पुन्हा तेल करणाऱ्या भागाचं) माप काढता येत नाही. महागड्या सॉफ्टवेअरचा आकडा ऐकून मालक हसले, मग मी डीडब्ल्यूसिम उतरवून घेतलं, म्हणजे अशा रासायनिक प्रक्रियांचा कॉम्प्युटरवर हिशोब करणारा प्रोग्राम. फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या फॉसी प्रकल्पामुळे शिकायला साहित्यही मिळतं.

पहिला महिना माझ्याच चुकीने गेला. लॅबचा रिपोर्ट डी-८६ चा, म्हणजे साध्या ऊर्ध्वपातन चाचणीचा; मी आकडे टीबीपी, म्हणजे घटक नीट वेगळे करून मिळणारे खरे उकळबिंदू, म्हणून भरले. डी-८६ मध्ये घटक नीट वेगळे होत नाहीत, त्यामुळे त्याचा आलेख चपटा येतो: सुरुवात उशिरा, शेवट लवकर. स्क्रीनवर ६० अंशांना वाफ शून्य, आणि इकडे रिसीव्हरच्या (तेल जमा होणाऱ्या भांड्याच्या) काचेत बुडबुडे. ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर काही म्हणो, हे उकळतंय." आलेखाचा प्रकार बदलला आणि हलके घटक जागेवर आले.

दुसरा घोळ घनतेचा, आणि तो जास्त छळणारा. आमच्या मालात थर्माकोल असतं, म्हणजे तेलात स्टायरिन. ते १४५ अंशांना उकळतं, नोनेन १५१ ला. उकळबिंदू शेजारी, पण घनता एकाची ०.९० आणि दुसऱ्याची ०.७२! अख्ख्या तेलाची एकच घनता दिली की सगळ्या तुकड्यांना एकच वॉटसन के (उकळबिंदू आणि घनता यांना जोडणारा आकडा) लागतो, आणि हा फरक पुसला जातो. शेवटी लॅबकडून चार कट, म्हणजे उकळबिंदूनुसार वेगळे केलेले भाग, काढून घेतले, प्रत्येकाची घनता मोजली. स्टायरिन आणि टोल्यूइन खरे घटक म्हणून टाकले, बाकीचे स्यूडो, म्हणजे उकळबिंदूच्या एकेका पट्ट्याला एक घटक मानून. तेव्हापासून कंडेन्सरचा हिशोब प्रत्यक्षाशी बराच जुळतो.

पेंग-रॉबिन्सन, म्हणजे वाफ आणि द्रव यांचं वागणं सांगणारं १९७६ चं समीकरण, हायड्रोकार्बनला पुरेसं आहे. पाण्याला नाही. पावसाळ्यात माल ओला येतो, तेव्हा पाणी आधी वजा करूनच चालवतो.

स्यूडो घटक चाळीस केले तेव्हा माझ्या जुन्या लॅपटॉपला धाप लागली, पंधरावर भागतं.

मेणासारख्या जड भागावर मात्र अजून भरवसा ठेवत नाही. साधारण ३५० अंशांपुढे तेल उकळण्याआधीच फुटायला लागतं, म्हणून आमचा डी-८६ तिथेच थांबतो. त्यापुढचं शेपूट प्रोग्रामने अंदाजाने ओढलेलं असतं. व्हॅक्यूमखालची डी-११६० चाचणी करून द्या म्हणून मालकांच्या मागे लागलोय.