क्रोशा, वारली की गोधडी: तुमच्या घरात काय रुळेल?

माझी मावसबहीण घणसोलीला राहते, कामाला ठाण्याला येते. "ताई, संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून हाताने काहीतरी करायचंय, काय घेऊ?" असं तिने विचारलं. मी उलट विचारलं, "काही चुकलं की तू किती वैतागतेस?" तिन्ही प्रकार मी करून पाहिलेत, आणि खरा फरक मला तिथेच जाणवला.

क्रोशात चूक पचते. धागा ओढला की सगळं उसवतं, लोकर पुन्हा गुंड्यावर. सुरुवातीला ४ मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची फिकी लोकर घ्यावी. मी हौसेने काळी घेतली होती, रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसेचनात. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन मूळ टाके हाताला बसले की रुमाल, पाण्याच्या बाटलीची पिशवी, असलं बरंच काही होतं. माझा पहिला चौकोन मात्र वर जाता जाता चक्क त्रिकोण झाला, कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब सुटत होता. तेव्हापासून ओळ संपली की टाके मोजते. लोकर दुकानात हात लावूनच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या एका संचातला धागा सुईवर चढताच पिंजत होता. आणि हे काम कुठेही थांबवता येतं. ट्रान्सहार्बर लोकलला बसायला मिळालं तर घणसोली ते ठाणे एखादी ओळ होते. स्टेशन आलं की शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उतरायचं.

वारली चित्रकला तर आपल्या शेजारची. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, जव्हार, तलासरी हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नात सवाष्णी चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र काढतात, त्यात लग्नाची देवी पालघट असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं रोजच्या जगण्यात आणि कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हे ऐकायला सोपं. काढायला बसलं की कळतं, कंबर जरा जाड झाली तरी नाचणारा पोतं उचलणारा दिसतो. तारपा वाद्याभोवती फेर धरून होणारा नाच मी काढला, त्यात शेवटच्या दोघींना जागाच उरली नाही. गेरूवरचा पांढरा रंग पुसता येत नाही, वरून गेरू लावला तर डाग ओरडतो. शिवाय अर्ध्यात उठून कुकर बंद करून आलं की रेघेची जाडी बदललेली असते. सलग तास-दीड तास मिळणार असेल तरच याच्या वाटेला जा. पावसाळ्यात बंद फ्लॅटमध्ये पिठाच्या रंगाला बुरशी धरते, तेव्हा कागदावर पांढरा अ‍ॅक्रेलिकच बरा. लग्नाचा चौक चहाच्या कपावर काढायला मला तरी नको वाटतं. नाच, शेती, झाडं हवी तेवढी काढावीत.

गोधडीला चूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. धावदोरा वाकडा गेला तरी पहिल्या धुण्यानंतर कापड आकसून चुण्या पडतात आणि सगळं त्यात मिसळून जातं. साडेपाच मीटरची जुनी सुती साडी चार पदरी केली की साधारण १.३५ मीटर लांबीचं, बाळाला पुरेल असं दुपटं होतं. आधी मोठे कच्चे टाके घालून पदर धरून ठेवायचे, मग काठाकडून आत शिवत यायचं. सिंथेटिक साडी नको, पदर सरकतात. अडचण जागेची. वन बीएचकेच्या हॉलमध्ये पसरलेली गोधडी जेवणाच्या वेळी गुंडाळावी लागते, आणि काम महिनोन् महिने चालतं. माझी दुसरी गोधडी मागच्या दिवाळीपासून कपाटात आहे.

रेझिनचंही, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाच्या वस्तूंचंही तिने विचारलं होतं. वास, हातमोजे, उघड्या खिडक्या. लहान घरात मी तरी करणार नाही.

शेवटी तिने क्रोशाची सुई आणि दोन गुंडे घेतले. परवा फोटो आला, खाली लिहिलं होतं, "ताई, चौकोन!" मी म्हटलं, "शेवटच्या ओळीतले खांब मोज."